बारा नंबरचा अभिप्राय

लोखंडी स्टूल मॉनिटरमध्ये घुसलं तेव्हा फारसा आवाजच झाला नाही. थप्प असं काहीतरी झालं, ओलं गोणपाट फरशीवर टाकावं तसं. खळ्ळकन फुटायचे ते जुने, डबड्यासारखे मॉनिटर. हे नवे चपटे पडदे नुसते आत दबतात आणि त्यांच्यावर काळेजांभळे डाग पसरत जातात. हे मला त्या दिवशी कळलं. चौदा वर्षं मी त्या लॅबची असिस्टंट होते आणि चौदा वर्षांत मी पडद्यावर कोणाच्या बोटाचा ठसासुद्धा राहू दिला नव्हता.

तिने स्टूल उपसून काढलं आणि पुन्हा घातलं. मग तिसऱ्यांदा.

ती म्हणजे बारा नंबर. मी मुलांना मशीनच्या नंबरानेच ओळखते, खोड म्हणा हवं तर. चाळीस मशीन, एका तुकडीत चाळीस मुलं, ज्याची त्याची जागा ठरलेली. सात नंबर, पाय खाली घे. तेवीस नंबर, डबा बाहेर ठेव. मुलं चिडत नाहीत. ती मला काकू म्हणतात. मला ते आवडत नाही, पण चालवून घेते. आमचं अध्यापक विद्यालय, म्हणजे इथली मुलं पुढे शाळांमध्ये शिकवणार. दुसऱ्या वर्षाची ही शेवटची परीक्षा होती, सकाळी अकराची.

बारा नंबर एरवी इतकी गरीब पोर की लॅबचं दार लोटतानासुद्धा परवानगी मागायची. तिचा डावा डोळा जन्मापासून तिरळा. ती तुमच्याकडे बघत असली तरी तुम्हाला वाटतं, शेजारच्याकडे बघतेय. माणसाला हे दोन दिवसांत कळतं, सवय होते. प्रत्येक पडद्यावर बसवलेल्या त्या वाटाण्याएवढ्या कॅमेऱ्याला ते सहा महिन्यांत कळलं नव्हतं. त्याच्या हिशेबाने ती सतत अकरा नंबरच्या पडद्यावर नजर टाकत होती. नजर तीनदा हलली की पडद्यावर लाल पट्टी येते, ‘परीक्षा समाप्त’, आणि मशीन बंद. असं तीन परीक्षांत झालं की विद्यालयातून नाव कमी. बारा नंबरचं आधी दोनदा झालं होतं. त्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी तिसऱ्यांदा झालं.

ती रडली नाही की ओरडली नाही. उठली, आपलंच स्टूल उचललं आणि घातलं.

पर्यवेक्षक सर धावत आले. त्यांनी तिची वेणी मनगटाला गुंडाळून मान मागे खेचली.

“कॉपी करतेस आणि वर मशीन फोडतेस?” ते म्हणाले आणि तिच्या तोंडात मारली. एक नाही, दोन. दुसरीला तिचा ओठ फुटला.

मी म्हटलं, “सर, तिचा डोळाच तसा आहे. मी मागेही सांगितलं होतं.”

“मशीन कोणाचा डोळा बघत नाही, काकू. तुम्ही तुमचं काम करा.”

तिसऱ्यांदा हात उगारला तो खाली आलाच नाही, कारण तेवीस नंबरने तो वरच्यावर धरला होता. तेवीस नंबर म्हणजे दाराच्या चौकटीत मावत नाही असा आडदांड मुलगा. हाही दोनदा लाल झालेला. याचा गुन्हा काय, तर वाचताना ओठ हलतात. मशीनला वाटतं, हा कोणाला तरी उत्तरं सांगतोय. लहानपणापासून तो तसाच वाचतो, बिचारा काय करणार. त्याने सरांची कॉलर धरली, त्यांना दोन पावलं मागे रेटलं आणि त्यांचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा आपटल्यावर थांबेल असं मला वाटलं. थांबला नाही. त्याचा चेहरा मी बघत होते, आणि खरं सांगते, त्यावर राग नव्हताच. एखादं अडलेलं दार उघडायचंय, एवढंच होतं. कीबोर्डवर रक्त सांडलं आणि बटणांच्या फटींतून आत गेलं.

मग सगळी लॅब उठली.

एकेकाच्या मनात काय काय साचलेलं होतं, देव जाणे. एकतीस नंबरला परीक्षेच्या मध्ये उलटी आली, ती उठली, तर शून्य. सात नंबरच्या घरून वडील गेल्याचा फोन आला तेव्हा मशीनने त्याला बाहेर सोडायला ‘विनंती प्रलंबित’ म्हणून चाळीस मिनिटं लावली. अशा गोष्टी मुलं मला सांगायची आणि मी “बघू, वर सांगते” म्हणायची. त्यांनी आता कॅमेरे उपटायला सुरुवात केली. तारांसकट उपटत होते आणि टाचेखाली घालून भरडत होते. कोणी मॉनिटर आडवे केले, कोणी टेबलं उलटी केली. पर्यवेक्षक सर चाळीस जणांच्या पायांखालून रांगत बाहेर पडायचा प्रयत्न करत होते आणि जाता-येता जो तो त्यांना एक लाथ घालत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग कोणाचा आला म्हणाल तर सगळ्यांचाच. सरांचा, मुलांचा आणि माझा स्वतःचा. सात नंबरने सर्व्हरच्या कपाटावर पाय उगारला तेव्हा मी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो भेलकांडून खाली बसला. त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणाला, “काकू, तुम्ही पण?” आणि पुन्हा उठून त्याच पायाने कपाटाचं दार आत चेपलं. मी त्याला मागून मिठी मारली. तेवढ्यात कोणीतरी दोन्ही हातांनी फिरवलेला कीबोर्ड माझ्या उजव्या मनगटावर बसला. आतून कट् असं ऐकू आलं, आणि बोटं माझी राहिली नाहीत.

मग रखवालदार आले. चौघे, लाठ्या घेऊन. त्यांनी आधी दार आतून बंद केलं, तेव्हाच मला कळलं की हे आता समजावायला आलेले नाहीत. दोन टेबलांमधल्या अरुंद वाटेत मारायला सोपं जातं, मुलांना पळायला जागाच नसते. पाठीवर, नडगीवर, डोक्यावर धरलेल्या हातांच्या बोटांवर. एकतीस नंबर टेबलाखाली जाऊन बसली होती, तिला तिथे वाकून बुटाने मारलं. तेवीस नंबर आडवा पडल्यावरही दोघे त्याच्यावर होते. बारा नंबर कोपऱ्यात सरकत सरकत माझ्या केबिनच्या काचेपर्यंत गेली, लाठी अंगावर आली तशी तिने हात मागे टेकला आणि हात काचेतून आरपार गेला. मी ओरडत होते, “पोरं आहेत, सोडा.” माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

हे सगळं मिळून सात-आठ मिनिटं चाललं असेल.

प्राचार्य आले तेव्हा मुलं भिंतीला टेकून रांगेत बसलेली होती, कोणी विव्हळत, कोणी गप्प. सरांना गाडीत घालून नेलं होतं. बरोबर फौजदार आणि दोन शिपाई. प्राचार्यांच्या हातात एक निळी फाईल होती. ती बघितली आणि माझी पाचावर धारण बसली.

“फौजदारसाहेब, ही यंत्रणा आम्ही कोणावर लादलेली नाही,” प्राचार्य म्हणाले. आवाज शांत. “मुलांनीच मागितली. हा बघा सर्व्हे. शिक्षणात तंत्रज्ञानाचा वापर, विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन. एकशे वीसपैकी एकशे वीस मुलांनी भरलाय. कॅमेरा असावा का, होय. यंत्राचा निर्णय मान्य राहील का, होय. या मुलीचंही होय आहे. स्वतः मान्य केलंय, पकडली गेली, म्हणून तोडफोड. हिला आणि त्या मुलाला तुम्ही घेऊन जा. हिचं नाव मी आजच कमी करतोय.”

“आम्ही कधी भरलं?” सात नंबर म्हणाला. “आम्हाला असलं काही आलंच नव्हतं.”

“तुझ्या लॉगिनवरून भरलंय. तारीख आहे, वेळ आहे.”

“सर, शपथ, नाही भरलं.”

“आता सगळे नाहीच म्हणणार,” प्राचार्य फौजदारांना म्हणाले, आणि फौजदार मान हलवत लिहायला लागले.

बारा नंबर भिंतीशी बसली होती. ओढणीत गुंडाळलेल्या हातातून रक्त गळत होतं. ती त्या फाईलकडे बघत होती. तिला बहुधा वाटलं असेल की भरलंही असेल आपण कधीतरी, इतकं काय काय भरून घेतात.

आता सांगते. तो सर्व्हे मी भरला होता. एकशे वीसच्या एकशे वीस.

वर्षापूर्वी ऑफिसातून निरोप आला, सोमवारपर्यंत सगळ्यांचे अभिप्राय हवेत, शंभर टक्के. तेव्हा शुक्रवार दुपार होती आणि मुलं पाठ घ्यायला गावोगावच्या शाळांत गेलेली. मी तेरा वर्षं हंगामीवर काढून नुकतीच कायम होण्याच्या यादीत लागले होते. ‘नाही जमलं’ हे सांगायची ती वेळ नव्हती. आणि मुलं पासवर्ड विसरतात, म्हणून सगळ्यांचे पासवर्ड माझ्या वहीत लिहिलेले असतात. ते त्यांनीच विश्वासाने दिलेले. मी शनिवारी आणि रविवारी लॅब उघडून बसले. एकेकाच्या नावाने आत जायचं, तीस प्रश्न, ‘पूर्ण सहमत’, ‘पूर्ण सहमत’, मग खरं वाटावं म्हणून मध्येच एखादं नुसतं ‘सहमत’. शेवटी शेराही होता, दोन ओळींचा. तो रिकामा ठेवला तर अर्ज पुढे जात नव्हता. शेरे लिहायला मला मजाच आली, खोटं कशाला बोलू. प्रत्येकाचा वेगळा लिहिला. ऑफिसातून फोन आला, मुलांनी फार छान लिहिलंय हो. मी फुगले.

म्हणाल, बाई, एवढी अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस. म्हणा. पण कोणाला वाटलं होतं ते कोणी वाचेल म्हणून? असे सर्व्हे दर वर्षी येतात आणि कपाटात जातात. सहा महिन्यांनी कॅमेरे बसवायला माणसं आली तेव्हा मीच त्यांना शिडी आणून दिली. बारा नंबर पहिल्यांदा लाल झाली तेव्हा मी प्राचार्यांना तिच्या डोळ्याचं सांगितलं. फॉर्मचं सांगितलं नाही. दुसऱ्यांदा झाली तेव्हाही गप्प बसले. आपण कायम झालोय, आपल्याला काय करायचंय, असं स्वतःला समजावलं आणि घरी जाऊन जेवलेसुद्धा.

फौजदार बारा नंबरच्या नावापुढे काहीतरी लिहीत होते. शिपायाने तिला दंडाला धरून उठवलं.

“साहेब, ते खोटं आहे,” मी म्हटलं.

“काय खोटं?”

“ती फाईल. मुलांनी नाही भरलं. मी भरलं. सगळ्यांचं. हिचंही मीच भरलं. हिने काहीही मान्य केलेलं नाही.”

प्राचार्य म्हणाले, “मॅडम, तुमच्या डोक्याला मार लागलाय. आधी दवाखान्यात जा.”

चौदा वर्षांत ते मला पहिल्यांदा मॅडम म्हणाले.

“मनगटाला लागलाय, डोक्याला नाही,” मी म्हटलं. “पासवर्डांची वही केबिनच्या खणात आहे. भरल्याची वेळ बघा. शनिवार-रविवार आहे. एकाच मशीनवरून, माझ्या. मुलं गावात नव्हती, पाठांची हजेरी काढा. साहेब, लिहून घ्या. माझा हात चालत नाही, मी सांगते, तुम्ही लिहा.”

फौजदारांनी पान उलटून नवं पान काढलं आणि मी सांगत गेले, ते लिहीत गेले. मुलं ऐकत होती. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की मोकळं वाटेल. कसलं मोकळं. चाळीस जोड डोळे माझ्यावर, आणि एकाही डोळ्यात काकू नव्हती.

सांगून झालं तशी बारा नंबर शिपायाचा हात सोडवून माझ्यापुढे आली. तिने माझ्याकडे बघितलं. तिचा डोळा कुठे वळतो ते मला माहीत आहे, ती माझ्याकडेच बघत होती. तिने ओढणी गुंडाळलेलाच हात उचलला आणि सगळा जोर लावून माझ्या थोबाडीत मारली. मी पडले नाही, मागे टेबल होतं म्हणून. दातांत रक्ताची चव आली. गालावर तिचं रक्त होतं, ते मानेवरून ब्लाऊजमध्ये उतरलं.

“बघितलंत?” प्राचार्य म्हणाले. “तुमच्या समोर, साहेब.”

फौजदार माझ्याकडे वळले. “बाई, तक्रार आहे?”

“कसली?”

“आत्ता मारलं ना हिने.”

“कोणी?” मी म्हटलं. “माझ्या गालाला केबिनची काच लागलीय.”

फौजदार वयाने माझ्याएवढे असतील. त्यांनी माझ्या गालाकडे बघितलं, तिच्या हाताकडे बघितलं आणि वही मिटली. शिपायाला म्हणाले, या दोघींना आधी दवाखान्यात ने, टाके घालून आण, मग बघू.

पुढचं थोडक्यात सांगते, नाहीतर तुम्ही विचारालच. महिन्याभराने सगळ्यांची परीक्षा कागदावर झाली. बारा नंबर पास झाली, सध्या कुठल्याशा शाळेत चौथीला शिकवते. सरांना अकरा टाके पडले. तेवीस नंबरवर खटला झाला आणि त्याचं नाव गेलं ते गेलंच, त्याच्यासाठी मला काही करता आलं नाही. त्याची आई एकदा माझ्या दारात येऊन बराच वेळ उभी राहिली होती. मारणाऱ्या चार रखवालदारांना कोणी काही विचारलं नाही. माझी नोकरी गेली, ती जायलाच हवी होती. त्याबद्दल मी कोणाशी भांडले नाही, आणि मी एखाद्या गोष्टीवरून भांडत नाही हे माझ्या घरच्यांनी त्या वेळी पहिल्यांदा बघितलं.

पण मला सांगायचंय ते दवाखान्यातलं.

आम्हाला एकाच बाकावर बसवलं होतं. शिपाई दाराशी. आत पर्यवेक्षक सरांचं चाललं होतं, त्यामुळे वेळ लागणार होता. तिच्या हातावर नवीन कापूस बांधलेला, माझ्या मनगटाला पुठ्ठा.

“तुला खरंच विचारलं असतं,” मी म्हटलं, “तर काय लिहिलं असतंस?”

“आता विचारताय.”

“हो. आता.”

तिने हातावरचा कापूस दाबून धरला. मग म्हणाली, “मला मशीन आवडायचं, काकू.”

“आवडायचं?”

“पहिली ते बारावी मला फळा कधी नीट दिसलाच नाही. पुढच्या बाकावर बसवायचे, तरी नाही. पुन्हा सांगा म्हटलं की बाई चिडायच्या. तुमच्या लॅबमध्ये आले तेव्हा कळलं, अक्षर मोठं करता येतं. धडा मागे नेता येतो. दहादा मागे नेला तरी त्याला राग येत नाही. मी घरी सांगितलं होतं, आता मी शिकू शकते.” तिने फुटलेल्या ओठावरून जीभ फिरवली. “मी आपण होऊन चांगलंच लिहिलं असतं.”

“मग?”

“मग त्यांनी त्याला माझ्याकडे बघायला लावलं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात नव्हता, एक मोडलेला आणि दुसऱ्याने तो धरलेला. तिने बघितलं आणि काही केलं नाही. का करावं तिने?

थोड्या वेळाने तिने विचारलं, “माझ्या नावावर शेरा काय लिहिला होता तुम्ही?”

मला आठवत नाही म्हणता आलं असतं. पण मला एकशे वीसच्या एकशे वीस पाठ होते, मघाशी म्हटलं ना, मजा आली होती.

“कॅमेऱ्यामुळे,” मी म्हटलं, “आपल्याकडे कोणाचं तरी लक्ष आहे असं वाटतं. त्यामुळे एकटेपणा वाटत नाही.”

“पुन्हा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं.

“छान लिहिता,” ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

नर्स बाहेर आली, आमच्याकडे बघून वैतागली. म्हणाली, हात असे मांडीवर काय ठेवलेत, एकीचं रक्त थांबायचं नाही आणि दुसरीची सूज उतरायची नाही, खांद्याच्या वर धरा दोघींनी, बोलावीपर्यंत. आणि आत निघून गेली. बारा नंबरने वर्गात करतात तसा हात वर केला. मीही केला. आम्ही तशाच बसून राहिलो, आणि आतून बराच वेळ कोणी विचारायला आलं नाही.